‘स्वच्छ’च्या ताई, आमची चोवीस बिऱ्हाडं आणि कंपन्यांचे दोन टक्के

शेजारच्या इमारतीत नवे सेक्रेटरी आलेत. परवा जिन्यात भेटले आणि म्हणाले, “काकू, तुमच्याकडे कचऱ्याला कोण येतं? आम्ही ठेकेदार बघतोय. कमी पैशात करतो म्हणतोय.” मी तिथेच बोलायला लागले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते गेले. अर्धवट राहिलेलं सगळं इथे लिहिते. आणखी कुणाची सोसायटी असा विचार करत असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. कोथरूडमधली आमची जुनी सोसायटी, तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. अकरा वर्षं त्याच ताई येतायत. सकाळी पावणेनऊच्या सुमारास खाली ढकलगाडीचं चाक करकरतं आणि मग तिसऱ्या मजल्यापासून बेल वाजत खाली येते. आधी वर चढून मग उतरताना गोळा करायचं, म्हणजे भरलेली बादली घेऊन चढावं लागत नाही. ही त्यांची पद्धत. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका खांद्यावरच्या गोणीत. आमच्याकडे पार्किंगच्या मागे खताचे दोन हौद आहेत, ओलं तिथे जातं. ते हौद नीट चालवले तर पुणे महापालिका मिळकतकरात सूट देते, हे पुष्कळ सोसायट्यांना माहीतच नसतं. बाकी सगळं त्या पुढे नेतात, निवडतात, विकण्याजोगं भंगारवाल्याकडे घालतात आणि उरलेलं महापालिकेच्या गाडीत देतात.

सेवा म्हणून सांगायचं तर अकरा वर्षांत मला दारातला डबा संध्याकाळपर्यंत तसाच राहिलेला आठवत नाही. ताईंच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा चार दिवस त्यांची जाऊ आली होती. तिला कुठल्या घरी कुत्रा आहे आणि कुठल्या आजोबांना बेल ऐकू येत नाही म्हणून कडी वाजवायची, हे सगळं आधीच सांगून ठेवलेलं. पहिल्या दिवशी तिने बरोबर दोनदा कडी वाजवली. ठेकेदाराचा माणूस कमी पैशात मिळेलही, पण त्याला आजोबांची कडी कोण सांगणार?

आता पैशांचं. कारण सेक्रेटरींचा खरा प्रश्न तोच होता.

आम्ही घरटी महिन्याचं शुल्क देतो, ते शंभराच्या आसपास आहे, आणि ते थेट ताईंच्या हातात जातं. मध्ये कुणी नाही. सुक्या कचऱ्यातून जे भंगार निघतं त्याचे पैसेही त्यांचेच. महापालिका संस्थेला देखरेखीचा आणि समन्वयाचा खर्च देते. म्हणजे कचरा उचलणारीच्या कमाईतून कुणी ठेकेदार वाटा कापून घेत नाही. संस्थेच्या मालक याच बायका आहेत. मी बत्तीस वर्षं हिशेब विभागात काढली. रुपया कुठून निघाला आणि कुठे पोचला हे बघायची सवय हाडात भिनली आहे. माझ्या माहितीत एवढी आखूड वाट असलेला व्यवहार दुसरा नाही.

ही वाट आपोआप तयार झालेली नाही. १९७२च्या दुष्काळात गावं सोडून जी कुटुंबं पुण्यात आली, त्यातल्या कितीतरी बायकांच्या हाती कचराकुंडी सोडून काही लागलं नाही. बहुतेक दलित. कुंडीत हात घालून कागद वेचायचा, पोलीस चोर म्हणून धरायचे, भंगारवाला वजनात मारायचा. १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या मंडळींच्या मदतीने या बायकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. नावातच त्यांचा माल आहे. पहिली मोठी लढाई ओळखपत्राची होती. महापालिकेची मोहोर असलेलं, फोटो लावलेलं ओळखपत्र. ताईंच्या सासूकडे त्या वेळचं कार्ड अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मी ते हातात घेऊन पाहिलंय. कडा चौकटीसारख्या काळ्या झाल्यात, फोटो पुसट झालाय, पण त्या बाई ते परत घेताना दोन्ही हातांनी घेतात.

मग २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले, घरोघरी जाऊन कचरा गोळा करा असं सांगणारे. नियम चांगलाच, पण कचरा दारातूनच उचलला गेला तर कुंडीवर जगणाऱ्यांनी काय करायचं? ठेकेदारांच्या गाड्या आल्या असत्या आणि या बायका रस्त्यावर आल्या असत्या. संघटनेने उलटा विचार केला: दारात जायचंच आहे तर आम्हीच जाऊ. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ची नोंदणी झाली, २००८ मध्ये महापालिकेशी पहिला करार झाला. आज साडेतीन हजारांहून जास्त कचरावेचक हे काम करतात आणि त्यात बहुसंख्य बायका आहेत. कुंडी ते दारची बेल, एवढा बदल एका पिढीत. सासू कुंडीत उतरायची, सून दारात उभी राहून “काकू, सुका वेगळा द्या हो” असं सांगते. ते सांगण्याचा तिला हक्क आहे, आणि ती तो बजावते, हे मला फार आवडतं.

एवढ्यासाठीच ही सेवा घ्यावी असं माझं म्हणणं आहे. पण मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्या नोकरीशी जोडलेली आहे.

निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं आमच्या कंपनीची सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची, व्हाउचरं माझ्या टेबलावरून जायची. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नफा पाच कोटींच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. शाळा, आरोग्य, पाणी, पर्यावरण, कायद्याच्या सातव्या परिशिष्टात यादी आहे. त्या पैशातून चांगली कामं झालेली मी पाहिली आहेत. एका गावातल्या शाळेला मुलींची स्वच्छतागृहं मिळाली, त्याची बिलं मीच पास केली होती, आणि पुढे दोन वर्षं त्यांच्या पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचाही खर्च द्यावा म्हणून मी भांडले होते.

पण त्याच नियमांत एक वाक्य आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआर म्हणून धरता येत नाही. कारण उघड आहे, नाहीतर प्रत्येकाने आपल्या जाहिरातीचा खर्चही समाजसेवेत दाखवला असता. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या सोयीचा खर्चही चालत नाही. ठीकच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ मला फार उशिरा उमगला, आणि तो ताई सुका कचरा निवडतात त्या शेडमध्ये बसल्यावर उमगला. चिवडा-वेफर विकणारी कंपनी आपलं पाकीट बदलेल, ते कचऱ्यातून पुन्हा वापरात येईल असं करेल, तर तो तिच्या धंद्याचा भाग. दोन टक्क्यांत तो बसणार नाही. म्हणजे कंपनीची सगळ्यात मोठी जबाबदारी त्या व्हाउचरांच्या फायलीत नसतेच. ती उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत असते, आणि तिथे माझ्यासारख्या कुणाला सही करायला बोलावत नाहीत.

शेडमध्ये कशी गेले तर, चष्मा हरवला होता. रद्दीबरोबर गेला असावा म्हणून ताईंच्या मागोमाग गेले. चष्मा सापडला नाही, पण तास-दीड तास तिथेच बसले. पत्र्याचं छप्पर, खाली ताडपत्री, चार बायका उकिडव्या बसलेल्या. ताईंनी गोणी उलटी केली आणि हात चालायला लागले. पुठ्ठा एकीकडे. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, कारण भाव वेगळे. पाण्याची बाटली, झाकण काढून. दुधाच्या पिशव्या, आणि त्या बघताना ताई जरा थांबल्या. “काकू, पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नका. लोंबता ठेवा. तो एवढासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही, गटारात जातो.” एवढी साधी गोष्ट मला वयाच्या साठीपर्यंत कुणी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घरी कोपरा लोंबता असतो.

मग चकचकीत पाकिटांचा ढीग आला. वेफर, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, मसाले. ताईंनी एक पाकीट मुठीत चुरगाळलं आणि मूठ उघडली. पाकीट तळहातावर हळूहळू पुन्हा फुललं. “बघा. कागद असता तर चुरगळलेला राहिला असता. पत्रा असता तरी राहिला असता. हे दोन्ही नाही.” प्लास्टिकचे पातळ थर, त्यात धातूचा मुलामा, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. ते थर सुटे करणं अवघड आणि महाग, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. वजनही नाही त्याला. तासभर वेचलं तरी तराजूचा काटा हलायचा नाही. मी विचारलं, मग याचं काय करता? म्हणाल्या, “काय करणार, गाडीत. माझ्या हातातून जातं, पण माझ्या पोटाला काही देत नाही.”

हे वाक्य घेऊन मी घरी आले. कुठल्याही कंपनीचा जबाबदारीचा अहवाल, गुळगुळीत कागदावरचा, हिरव्या मुखपृष्ठाचा, मी यापुढे वाचणार असेन तर आधी तिचं पाकीट ताईंच्या तळहातावर ठेवून बघणार. फुललं की चुरगळलं?

कायदा यात अगदीच गप्प आहे असं नाही. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली, की बाजारात आणलेल्या वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची सोय तुमची. २०२२च्या फेब्रुवारीत त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली, उद्दिष्टं ठरली. आणि पुण्यातच असेही प्रयोग झालेत की अशा पाकिटांना किलोमागे पैसे देऊन कचरावेचकांकडून ती घेतली गेली. पैसे मिळाले की ढीग लगेच वेगळा निघतो, त्यात काही जादू नाही. अडचण मनाची नाही, तराजूची आहे.

आता जे मला बोचलं तेही सांगते. संस्थेचं नाही, एका कंपनीचं.

तीन-चार वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीची मंडळी एका शनिवारी आमच्या भागात आली. कचरावेचकांचा सन्मान आणि सुरक्षा साहित्याचं वाटप. मैदानात मांडव, एकसारखे टी-शर्ट घातलेली पन्नासेक तरुण मुलं-मुली. चांगली होती मुलं, मनापासून आली होती, हे मी मुद्दाम लिहिते. ताईंना आणि इतर वीस-पंचवीस जणींना रांगेत उभं करून जाड रबराचे हातमोजे दिले, कंपनीचं चिन्ह छापलेले. फोटो झाले. मोजे पुरुषांच्या मापाचे होते. ताईंच्या बोटांच्या पुढे दोन-दोन पेरं रिकामी लोंबत होती. जाड मोज्यात काच कळत नाही, कागद आणि प्लास्टिक यातला फरक हाताला लागत नाही, आणि आतून घाम येऊन हात कुजतो. कुणी आधी एका बाईचा हात मोजला असता, एकीला विचारलं असतं, तर त्याच पैशात कामाला येतील असे मोजे आले असते.

दुपारी मंडळी गेली. मैदानात जेवणाचे खोके आणि अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या राहिल्या. त्या ताईंनी आणि त्यांच्या बरोबरच्या दोघींनी नव्या साड्यांवरच उचलल्या. मी गॅलरीतून पाहत होते. खाली जाऊन मदत केली, पण पोटात कालवत होतं, कारण अशाच कार्यक्रमांची व्हाउचरं मी वर्षानुवर्षं पास केली होती. मांडव इतके, फोटोग्राफर इतके, साहित्य इतकं. हातांची मापं कुठे आहेत असा शेरा मी एकदाही मारला नव्हता. तो मारायला हवा होता.

आता उलटं उदाहरण देते. २०१३च्या मार्चमध्ये पुण्याच्या कचरावेचकांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनचा कचरा पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवला होता. तुमचा माल, तुम्हीच बघा. तेव्हा वाचलं तेव्हा मला ते अंगावर आलं होतं, खोटं का बोलू. पण विचार करा, घरातली बाई जे स्वतः दुसऱ्यांदा बघत नाही, ते उघडंवाघडं दुसऱ्या बाईने रोज हाताने वेगळं करायचं. पुढे २०१६च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी नॅपकिनबरोबर विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावं अशी तरतूद आली. आणि आपल्यासाठी ‘स्वच्छ’ने साधी खूण ठरवली: वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. म्हणजे उघडून बघावं लागत नाही. डायपरलाही तेच. जुन्या वर्तमानपत्रांच्या छोट्या पिशव्याही या बायकाच करून विकतात. आमच्या चोवीस घरांत लाल ठिपका रुळायला दीड वर्ष लागलं. मी जिन्यात लाल स्केचपेन दोरीने बांधून ठेवलं होतं. पहिले दोन पेन गायब झाले, तिसरं टिकलं.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ‘स्वच्छ’ला बोलवा. पण आपल्या बाजूने काय लागतं तेही ऐका, कारण ही सेवा एकट्या ताईंनी चालत नाही. ओलं-सुकं आपल्या ओट्यापाशी वेगळं झालं पाहिजे; भाजीच्या देठांत बुडालेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, म्हणजे आपल्या आळसाचे पैसे त्यांच्या खिशातून जातात. फुटलेली काच वेगळी गुंडाळून, तोंडाने सांगून द्यायची. शुल्क पाच तारखेच्या आत द्यायचं, आणि “उद्या या” म्हणायचं नाही. आमच्याकडे दोन घरं असं म्हणायची. आता सोसायटीच देखभाल खर्चातून सगळ्यांचे मिळून ताईंना देते आणि पावती घेते. जुने कपडे, बंद पडलेला मिक्सर, गाद्या असलं काही असेल तर संस्थेची ‘व्ही कलेक्ट’ ही वेगळी सोय आहे, ते जिन्याखाली साठवू नका. आणि अनंत चतुर्दशीला घाटावर गेलात तर निर्माल्याच्या ढिगापाशी बसलेल्या बायका बघा, फुलं एकीकडे, थर्माकोल एकीकडे. त्या यांच्यातल्याच असतात. हार नदीत टाकू नका, त्यांच्या हातात द्या.

वेळेचं म्हणाल तर ताई आमच्याकडे पावणेनऊला येतात. सहाला कामावर जाणाऱ्यांनी डबा बाहेर ठेवून जायचा, झाकण घट्ट लावून. आमच्याकडे अशी पाच घरं आहेत. कुणाचं काही अडलेलं नाही.

शेवटी माझं स्वतःचं काय चाललंय ते. त्या शेडमधून आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारामागे एक कापडी पिशवी लावली. घरात येणारं प्रत्येक चकचकीत पाकीट धुऊन, वाळवून त्यात टाकायचं. आम्ही दोघंच, नातवंडं शनिवार-रविवारी. महिन्याअखेर मोजली: एकसष्ट. त्यातली तेवीस एकाच कंपनीची. ती तेवीस एका खोक्यात घालून, पाकिटावर छापलेल्या पत्त्यावर मी पोस्टाने पाठवली. सोबत मराठीत पत्र: “ही आमच्या भागातले भंगारवाले घेत नाहीत. आमच्या कचरावेचक ताईंना यातून एक पैसाही मिळत नाही. तुम्ही याचं काय करणार आहात, किंवा किलोमागे त्यांना काय देणार आहात, ते कळवावं.” पोचपावती आली आहे, उत्तर आलेलं नाही. ताईंना पोचपावती दाखवली. त्यांनी तिच्यावरचा शिक्का अंगठ्याने चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, “पुढच्या खेपेला माझ्याकडची पण घाला.”

आज महिन्याची बारा तारीख. पिशवीत एकोणीस झालीत, आणि ताईंनी काल गोणीभर आणून दिलीत. मोठा खोका शोधते आहे.